मुळापलीकडून

पटो न पटो, घडलं ते असंच घडलं. माझी मावसबहीण भांडेल, चारचौघांत पाणउतारा करेल, पण थाप मारणार नाही. घरात तिला सगळे तोफ म्हणतात.

कॉलेजच्या सहलीसोबत ती परदेशात गेली होती. वनस्पतीशास्त्राची मुलं, सोबत मॅडम आणि समोर वर्षावन.

रात्र नव्हती. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. तरी झाडांखाली दिवेलागणीसारखा अंधार होता आणि रातकिडे भरदुपारी किरकिरत होते...

काम होतं जंगलातली फळं चाखायचं. वाटाड्याने दाखवलेलीच फळं घ्यायची. जोडीतल्या एकीने चाखायचं, चव मोठ्याने सांगायची आणि थुंकायचं. गिळायचं नाही. दुसरीने समोर बसून लक्ष ठेवायचं. मॅडमनी हे सगळ्यांना दोनदा बजावलं होतं.

तोफेची जोडीदारीण म्हणजे गोगलगाय. वर्गातली सगळ्यात मवाळ मुलगी. दोघींचं मेतकूट कसं जमलं, देव जाणे.

एका अवाढव्य झाडाची मुळं भिंतीसारखी डोक्यापर्यंत उंच होती. फळं मुळाच्या दोन्ही बाजूंना लागलेली. तोफेने घोळ घातला तो इथेच.

"तू पलीकडे जाऊन चाख, मी इकडची फळं तोडते. ऐकू येतंय ना? मग झालं."

गोगलगाय मुकाट्याने पलीकडे गेली.

"आंबट आहे," तिचा आवाज आला.

"थुंक. पुढचं."

"गोड... जरा तुरट."

"थुंक."

आणि रातकिडे थांबले.

सगळे. एकदम.

"हे खारट आहे..."

तोफेचा हात फळावरच थांबला. रानातलं फळ, आणि खारट?

"आणि कोमट..."

"काय खातेयस गं तू?"



तोफ मुळाला वळसा घालून पळत गेली.

गोगलगाय मुळाला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. तळहातावर काट्याने ओरखडा काढलेला, चांगला खोल. पण रक्ताचा थेंब नाही...

तिचे ओठ मिटलेले होते.

"खारट..."

आवाज तिचाच होता. आता तो मुळापलीकडून येत होता. तोफ मघाशी उभी होती, तिथून.

तोफेने तिला ओढलं. ती हलेना. हात कोपरापर्यंत गार पडला होता, आणि गारठा वर सरकत होता. डोळे मिटायला लागले होते. ही आपल्या देखत मरणार, हे तोफेला कळलं.

दुसरं कुणी असतं तर बोंब मारत पळालं असतं. तोफ घाबरली होती, पण त्याहून जास्त चिडली होती.

"चाखलंस ना?" ती मुळाकडे बघून ओरडली. "मग थुंक."

तिने मुळावर लाथ घातली.

"नियम सगळ्यांना सारखा. गिळायचं नाही. ही माझी जोडीदारीण आहे, तुझं फळ नाही. थुंक म्हणते ना."

पलीकडे काहीतरी घुटमळलं.

मग...

थू.

रातकिडे पुन्हा सुरू झाले. ओरखड्यातून रक्त आलं आणि गोगलगाय लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडायला लागली. तोफेने तिला पाठुंगळी घेतलं आणि वाटेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

मॅडम म्हणाल्या, उन्हाने चक्कर आली असेल. ऊन होतं कुठे तिथे?

गोगलगाय बरी आहे. फक्त तिला कशाचीच चव लागत नाही. मीठ नाही, साखर नाही. डॉक्टरांनी हात टेकले.

"सगळं थुंकलं नाही त्याने," तोफ मला म्हणाली. "राहिलेलं आणायला चाललेय."

मी हातापाया पडलो. शेवटी विचारलं, "आणि नाही दिलं तर?"

"मग माझी चव घेऊन बघू दे एकदा."

काल तिचं विमान सुटलं. पोचल्याचा फोन अजून आलेला नाही.