नाना शेवटचं प्रकरण ऐकत नाहीत

जळगावच्या मे महिन्यात भर दुपारी माणसाने काही कामधाम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पिंप्राळ्याच्या आमच्या घरात त्या वेळी कूलर लावून मी सासऱ्यांना खुनाच्या कादंबऱ्या वाचून दाखवते. गिरधरनाना धुळे आगारात कंडक्टर होते. मुक्कामी गाडीत बॅटरीच्या उजेडात त्यांनी ढिगाने रहस्यकथा संपवल्या. आता दिसत नाही, पण नाद सुटलेला नाही.

त्यांची एक खोड आहे. शेवटचं प्रकरण ते ऐकत नाहीत. त्याआधीच हात वर करून खुनी कोण ते सांगतात आणि म्हणतात, "बास. मिट आते." मग मी पुस्तक मिटते आणि नंतर चोरून शेवट वाचते. नाना आजवर चुकलेले नाहीत. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, चमत्कार मानत नाही. जन्मभर तिकिटं फाडताना माणसं पारखली, त्याचा हा परिणाम, एवढंच मी म्हणते.

याच गोष्टी का आवडतात, असं मी एकदा विचारलं होतं.

"कोनी करं ते शेवटले समजस तरी," ते म्हणाले.

आमच्या घरात ते समजलेलं नव्हतं. माझा नवरा भूषण दोन उन्हाळ्यांपूर्वी केळीच्या व्यवहारासाठी फैजपूरला म्हणून स्कूटरवर निघाला. स्कूटर मेहरूण तलावाच्या काठी सापडली, हँडल लॉक केलेली. तो सापडला नाही, किल्लीही नाही. त्या किल्लीला नानांचा कंडक्टरचा पितळी बिल्ला होता, त्यांनीच हौसेने मुलाला दिलेला. भाऊबंदांत माझ्याबद्दल नको नको ते बोललं गेलं. नानांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. "बठ्ठा सोडी गयात, सून राहिनी," सगळे सोडून गेले, सून तेवढी राहिली, असं ते चारचौघांत म्हणाले. त्या एका वाक्याच्या आधारावर मी या घरात टिकले आहे.

यंदा रद्दीवाल्याकडून आणलेल्या गठ्ठ्यात मुखपृष्ठ नसलेलं एक जुनं पुस्तक निघालं. हवेली, जमीनदाराचा खून, कर्जबाजारी भाऊ, गोड बोलणारा दिवाण. सगळा ठरलेला मसाला. मलाही तो आवडतो, खोटं कशाला बोलू? खून कितीही भयंकर असला तरी शेवटी प्रत्येक गोष्ट जागच्या जागी बसते.

पुस्तक अर्ध्यावर आलं. एके दुपारी नाना मध्येच म्हणाले, "ते बिल्लानं परत वाच."

"कोणता बिल्ला, नाना?"

"आत्तेच वाचं ना तू."

मी पानं मागे उलटली. तलवार होती, पानदान होतं. बिल्ला कुठेच नव्हता. डुलकी लागली असेल, असं धरून मी पुढे वाचत राहिले.

त्या संध्याकाळी त्यांनी ताटातली लोणच्याची फोड चाचपून बाजूला सारली. लोणच्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, तेच नाना म्हणाले, "आते लोनचं नको वाढू." दुसऱ्या दिवशीही तेच.

शेजारची जीनत साड्यांना फॉल लावता लावता आमच्याकडे गोष्ट ऐकायला बसायची. ती यायची बंद झाली. मी तिच्या दारात गेले तर तिने सुईवरून नजर काढली नाही.

"भाभी, तलावाचं सगळं तुम्हीच तर वाचलं."

"त्या पुस्तकात तलाव नाहीये, जीनत."

"मी बसलेली होते ना तिथं," ती म्हणाली आणि दोरा तोडून घरात गेली.

दोन माणसं एकच गोष्ट चुकीची ऐकत असतील, तर ती मोजून बघावी. मी मोबाइल कूलरपासून लांब ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एक प्रकरण वाचलं. नाना आडवे झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन इअरफोन लावले.

माझाच आवाज. दिवाण जिना चढतो, दार लोटतो. पान उलटल्याचा आवाज. आणि त्याच दमात, त्याच सुरात: "स्कूटर काठाशी लावून त्याने किल्ली तिच्या हातात दिली. ती तिने बरणीत टाकली, फोडींच्या खाली, बिल्ल्यासकट." मग पुन्हा जिना, पुन्हा दिवाण.

मी तेवढंच परत ऐकलं. आवाज अडखळत नव्हता. मला त्या आवाजाची भीती वाटली.

घरातली लोणच्याची बरणी यंदाचीच होती. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर, धुऊन, उन्हात वाळवून, जीनतच्या देखत मी तिच्यात लोणचं घातलं होतं. भूषण जाऊन तेव्हा दोन उन्हाळे होत आले होते.

मी बरणी परातीत उपडी केली.

फोडी पडल्या, तेल पडलं. मग काहीतरी टणकन वाजलं.

किल्ली. पितळी बिल्ला कालच घासल्यासारखा पिवळाधमक होता.

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला.

नाना भिंतीला हात लावत दारापर्यंत आले होते. त्यांनी तळहात पुढे केला. मी किल्ली त्यावर ठेवली. त्यांचा अंगठा बिल्ल्यावरच्या आकड्यांवरून सावकाश फिरला.

"नाना, मी काही केलेलं नाही. ही इथे कशी आली, मला माहीत नाही."

"मी कोनले सांगाव नही, बेटा." ते हळू बोलत होते. "तू गयी ते माले कोन वाची दखाडी?"

त्यांनी तेलकट बिल्ला बंडीच्या खिशात घातला आणि भिंतीच्या आधाराने जाऊन खाटेवर बसले. वीज आली. कूलर सुरू झाला.

"आते शेवटलं प्रकरण वाच."

हे ते आजवर कधी म्हणाले नव्हते.

मी हात पुसून पुस्तक उघडलं. ओळीखाली बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला. दिवाणाने गुन्हा कबूल केला. तलवार विहिरीत सापडली. हवेलीला कुलूप लागलं. एकही शब्द मी पानाबाहेरचा उच्चारला नाही.

नाना टॉवेल तोंडावर धरून रडत होते.

"जरा हळू वाच," ते म्हणाले. "बुडताना त्यानी कोनले हाक मारी, तेवढं परत वाच."