धुराड्यावरचा डबा

"शनिवारी भंगारवाला ट्रक न्यायला येतोय," फेस्टीकाका चहा ढवळत म्हणाला. "इंजिन जाम झालंय. दादा तेल न बघताच पळवत राहिला, जळलं ते. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण आहे हे असं आहे."

बाबांना जाऊन सहा महिने झाले होते आणि काकाचं हे वाक्य त्या स्वयंपाकघरात निदान दहाव्यांदा आलं होतं. ऐकून ऐकून आईही आता मान हलवायला लागली होती. नूलाला तेच सहन होईना.

नूला तेरा वर्षांची, बाबांच्या हातात पाने-पक्कड देत देत वाढलेली. अर्धा चहा टाकून ती बाहेर आली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ टायग आणि शेजारचा दोनल आले. सुट्टी लागून तीन आठवडे झाले होते आणि आयर्लंडमधल्या आमच्या मेयोच्या रिवाजाप्रमाणे तीन आठवडे पाऊस पडत होता.

"बाबा तोंड धुवायच्या आधी तेल बघायचे," नूला म्हणाली.

"मग सिद्ध कर. रडून इंजिन फिरत नाही," दोनल म्हणाला.

"रडत नाहीये. पाऊस आहे तो."

बाबांच्या ट्रकचं बॉनेट उघडून तिने तेल मोजायची पट्टी उपसली. तेल काळं होतं, पण खुणेपर्यंत भरलेलं, आणि जळका वास मुळीच नव्हता. रेडिएटरही काठोकाठ भरलेला. मग त्यांनी गिअर मोकळा केला, स्टार्टर काढला, पंख्याचा पट्टा सैल केला, आणि इंजिनच्या पुढच्या मोठ्या नटाला बाबांचा लांब पाना लावून तिघंही त्याला लोंबकळले. इंजिन तसूभर हललं नाही.

"पुरे, नट तुटेल," नूला म्हणाली. "बाबा म्हणायचे, आधी कारण शोध, मग जोर लाव."

तिने इंजिनात डिझेल फवारणारा एकेक इंजेक्टर काढला. दोन कोरडे निघाले. तिसऱ्याच्या टोकावर तांबडा गंज होता, आणि भोकातून बॅटरीचा उजेड टाकला तर आत पाणी चमकलं.

"इंजिनात पाणी? गेलं कुठून?" दोनलने विचारलं.

नूलाने वर पाहिलं. केबिनमागून धुराड्याचा नळ सरळ उभा वर गेला होता आणि त्याचं तोंड आभाळाकडे उघडं होतं.

"डबा कुठाय?" ती म्हणाली.

आमच्याकडे अशा उभ्या धुराड्यावर गाडी बंद केली की डबा पालथा घालतात, नाहीतर पाऊस थेट इंजिनात. बाबांचा डबा पेअरच्या फोडींचा होता, तारेने बांधायचा. ते त्याला इंजिनाची टोपी म्हणत.

"मागच्या दाराशी आहे," टायग पुटपुटला.

डबा तिथेच होता. आत पावसाचं पाणी आणि फुगलेली सिगारेटची थोटकं.

"बाबांना घरात ठेवलं होतं ना, त्या रात्री काकाने काढला," टायग म्हणाला. आमच्याकडे माणूस गेला की पुरण्याआधी दोन रात्री घरातच ठेवतात. सगळा गाव येतो, आत चहा चालतो, बाहेर भिंतीशी पुरुष सिगारेटी ओढतात. "थोटकं आईच्या फुलझाडांत पडत होती. म्हणून काका ट्रकवर चढला."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"मी तेव्हा कोणाशीच बोलत नव्हतो," टायग म्हणाला. "नंतर कोणी विचारलं नाही."

नूलाने त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

"चल, काकाला सांगू," दोनल म्हणाला.

"नको. पोरांनी गोष्ट रचली म्हणेल. इंजिन फिरलं की सांगू."

मेंढ्यांना औषध पाजायच्या पिचकारीने तिने पाणी उपसलं आणि आत डिझेल अन् गिअरचं पातळ तेल ओतलं. आता गंज सुटेपर्यंत थांबणं आलं, आणि हातात होते तीनच दिवस. बाबांचा ट्रक बघवत नसल्याने आई त्या बाजूचा पडदा उघडतच नव्हती, म्हणून त्यांचं फावलं.

"भंगारवाल्याचं काय?" दोनलने विचारलं.

नूलाने परड्याकडे बोट दाखवलं. तिथे गेल्या वर्षीच्या जळणाची रास होती, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांची. दोन दिवस तिघांनी त्या विटा वाहिल्या. पाठी मोडल्या, पण ट्रक शिगोशीग भरला.

शनिवारी भंगारवाल्याने तो ढीग पाहिला. "हे कोण उतरवणार?"

"जमिनीची ओल लागू नये म्हणून ठेवलंय," नूला साळसूदपणे म्हणाली.

"माझी कंबर काही भाड्याची नाही. सोमवारी येतो, रिकामा करून ठेवा," असं म्हणून तो निघून गेला. काका पोरांकडे रोखून बघत राहिला.

रविवारी चर्चहून आल्यावर पुन्हा पाना लागला. जरा पुढे, जरा मागे. दुपार गेली. दोनल कंटाळून पाना सोडणार, एवढ्यात आत काहीतरी करकरलं.

"हललं?"

"गप. पुन्हा."

संध्याकाळपर्यंत इंजिन पूर्ण एक फेरा फिरलं होतं.

सोमवारी स्टार्टर बसवून, इंजेक्टर न लावताच त्यांनी इंजिन फिरवलं. उरलेलं तांबडं पाणी फवाऱ्यासारखं टायगच्या अंगावर उडालं. मग इंजेक्टर बसवले, डिझेलमधली हवा काढली. तोवर काका आणि भंगारवाला दारात हजर.

"काय चाललंय हे?" काका ओरडला.

नूलाने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, विझलं. पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा धुराचा लोट निघाला आणि खिडक्यांच्या काचा थडथडल्या. आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि चौकट धरून उभी राहिली. तो आवाज सहा महिन्यांत त्या घराने ऐकला नव्हता.

नूलाने थोटकांचा डबा काकाच्या हातात दिला. "काका, तेल खुणेपर्यंत होतं. पाणी धुराड्यातून गेलं."

काकाने डब्याकडे पाहिलं, मग वर नळाकडे. त्याने टोपी काढली.

"लोक भिंतीशी उभे होते. मला काहीतरी करत राहायचं होतं," तो म्हणाला. "डिम्पनावहिनी, दादाने काही चुकवलं नव्हतं. चूक माझी."

"तो विसरणारा नव्हता, हे मला ठाऊक होतं," आई म्हणाली. "पण तू इतक्यांदा म्हणालास, की मलाही खरं वाटायला लागलं." मग पिठाच्या हातांनीच तिने नूलाला जवळ ओढलं.

भंगारवाला कान देऊन इंजिन ऐकत होता. "तीस वर्षांत असं सुटलेलं इंजिन मी दोनदाच पाहिलं, पोरांनो," तो म्हणाला, आणि रिकाम्या हातांनी परत गेला.

नूलाने इंजिन बंद केलं तेव्हा पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. काकाने डबा पाण्याच्या नळाखाली तीनदा धुतला, ट्रकवर चढला, तो धुराड्यावर पालथा घातला आणि तार आवळली.

"काका, आत ये, चहा झालाय," टायगने हाक मारली.

"आलो. नीट बसलाय का बघतो," काका म्हणाला, आणि उघड्या डोक्याने पावसात उभा राहून तारेला आणखी एक वेढा देऊ लागला.