पडद्याची स्प्रिंग

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं.

तुमचं नाव इथं घेत नाही. दवाखान्याचंही नाही. तुमच्या हाती हे पडलं तर तुम्हाला कळेल. तेवढं पुरे.

बाकीच्यांसाठी सांगतो. ही घडलेली गोष्ट आहे. मानायची तर माना. गाव पांढुर्णा. साल एकोणीसशे शहाऐंशी, मार्च महिना. अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. दीड वाजता. पत्र्याच्या दुकानात.

दुकान देवीदासचं. रेडिओ दुरुस्ती आणि लग्नाकार्याला लाउडस्पीकर. शिकवलं कोणी नव्हतं. उघडायचं, बघायचं, शॉक खायचा आणि लक्षात ठेवायचं, अशी त्याची शाळा.

त्या महिन्यात त्यानं गिटारसाठी अँप्लिफायर बनवला होता. जुन्या रेडिओंचे काचेचे वॉल्व्ह, पत्रा ठोकून केलेली पेटी, सागाच्या फळ्यांत बसवलेला स्पीकर. चालू केला की वॉल्व्ह मिनिटभरानं लाल व्हायचे. मग आवाज यायचा. जाड, गरम आवाज.

चौदा एप्रिलला सौंसरला जयंतीचा मोठा कार्यक्रम होता. भीमगीतांच्या पार्टीचा म्होरक्या हिरामण दुकानात येऊन बसला.

"आवाज दमदार आहे रे देवीदास. पण कोरडा पडते. थोडा घुमला पाह्यजे. विहिरीत वाजवल्यासारखा."

"वाजवणार कोण?"

हिरामणनं नजर पेटीकडं वळवली.

"सुखदेवच न? मंग मी त्याच्यासाठी काही करत नाही."

"त्याच्यासाठी नको करू बाप्पा. जयंतीसाठी कर."

सुखदेव म्हणजे देवीदासच्या धाकट्या बहिणीचा, मंगलाचा नवरा. राहायचा रामाकोन्याला.

मंगला सोळा महिन्यांपूर्वी गेली. पोटात सात महिन्यांचं बाळ होतं. तेही गेलं.

दवाखान्याच्या कागदावर एक ओळ होती. 'आणली तेव्हाच मृत. वेळ दुपारी चार.'

त्या एका ओळीनं सुखदेवला खाल्लं. आदल्या रात्री लोधीखेड्याला पार्टीचा कार्यक्रम होता. लोक म्हणाले, हा गाऊन-वाजवून झोपून राहिला. बायको तडफडत होती आणि यानं उशिरा आणली. देवीदासची आई लीलाबाई चारचौघांत ओरडली होती, "माह्या पोरीले मारून आणलं यानं!"

सुखदेव एकच सांगत राहिला. "आणली तवा बोलत होती थे. माह्याशी बोलली."

कोणी ऐकलं नाही. साहेब, कागदावर तर डॉक्टर म्हणून तुमचा सही-शिक्का होता.

देवीदासनंही ऐकलं नाही. तेव्हापासून तो सुखदेवशी एक शब्द बोलला नव्हता.

तर आवाज घुमवायचा. देवीदासला युक्ती माहीत होती. लांब पत्र्याच्या डब्यात दोन बारीक स्प्रिंगा ताणायच्या. एका टोकाला आवाजानं त्या हलवायच्या, दुसऱ्या टोकाला तो आवाज परत पकडायचा. मधल्या काळात आवाज स्प्रिंगमध्ये पुढं-मागं धावत राहतो. लवकर मरत नाही.

डबा जोडायला त्यानं पेटीच्या पाठीमागं दोन भोकं पाडली. एकातून आवाज बाहेर जाणार, दुसऱ्यातून परत येणार. खिळ्यानं पत्र्यावर कोरलं.

'जा.'

'ये.'

स्प्रिंगा भंगारवाल्या गुणवंताकडून आणल्या होत्या. दोन्ही टोकांना हुक, एका हुकात हिरव्या कापडाचा दोरा अडकलेला. देवीदासनं दोरा काढून फेकला आणि स्प्रिंगा ताणून बसवल्या.

दीड वाजता बटण दाबलं.

गिटार लावलेलीच नव्हती. माइक नव्हता. नुसती घरघर यायला हवी होती.

घरघर आली. आणि तिच्या मागं...

कट्... कट्... कट्...

पंख्याचा आवाज. छतावरचा जुना पंखा फिरताना करतो तसा.

देवीदासनं वर पाहिलं. दुकानात पंखाच नव्हता.

त्याला वाटलं, आकाशवाणी पकडून राहिलं. वॉल्व्ह कधीकधी पकडतात. त्यानं सगळ्या तारा तपासल्या. आवाज तसाच.

मग टोले पडले.

एक... दोन... तीन... चार.

घड्याळाचे नव्हे. पोलीस ठाण्यात शिपाई लोखंडावर हाणतो तसे. सावकाश, लांबून येणारे.

काच काचेवर आपटली. चपला फटक-फटक करत गेल्या.

आणि बाई बोलली.

"बाई... ओ बाई... पानी द्या न वं."

देवीदास हलला नाही. हातातला स्क्रू पिळायचा पेचकस हातातच राहिला.

सोळा महिन्यांत त्यानं तो आवाज एकदाही ऐकला नव्हता.

पण बहिणीचा आवाज माणूस विसरतो का?

त्यानं 'जा'मधली तार उपटली. आता डब्यात काहीच जात नव्हतं. मग 'ये'मधून काही यायचं कारण नव्हतं.

"बाई... घसा सुकून राहिला..."

येत होतं.

त्यानं बोट स्प्रिंगवर ठेवलं.

आवाज थांबला. तोंडावर हात दाबावा तसा. आणि बोटाखाली स्प्रिंग धडधडत होती...

त्यानं बोट काढून घेतलं, बटण बंद केलं आणि तसाच सायकलवर बसून गुणवंताकडं गेला.

"त्या स्प्रिंगा कुठून आणल्या होत्या रे?"

"कामून? तुटल्या काय?"

"कुठून आणल्या थे सांग."

गुणवंतानं दवाखान्याचं नाव घेतलं. "खाटेभोवती पडदा नाही का लावत? त्या पडद्याच्या. बायकांच्या वॉर्डातल्या. नवे पडदे आले, जुनं सामान माह्याकडे आलं. काय झालं बे? तोंड कामून असं करून राहिला?"

देवीदासनं सायकल वळवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानाची फळी आतून लावली. 'जा'चं भोक रिकामंच ठेवलं. 'ये'मधली तार तशीच राहू दिली. बटण दाबलं.

पंखा... चार टोले... काच... चपला.

"बाई... ओ बाई... पानी द्या न वं."

जेव्हा चालू करावं तेव्हा तिथूनच सुरू व्हायचं. चार टोल्यांपासून.

या वेळी तो उठला नाही. स्टुलावर बसून राहिला.

मंगला पाणी मागत होती. मग मागणं थांबलं. मग 'अहो' म्हणून हाक आली. लग्न झाल्यापासून ती सुखदेवला अशीच हाक मारायची. 'अहो... बाहेर हाय का तुम्ही?'

कोणी आलं नाही.

चपला आल्या आणि गेल्या. दोनदा. पडदा सरकला नाही.

तासाभरानं टोले पडले. पाच.

ती अजून जिवंत होती. कण्हत होती. मध्येच काहीतरी पुटपुटायची. एकदा तिनं 'दादा' म्हटलं.

दादा म्हणजे देवीदास.

तो रडला नाही. त्याला काहीच वाटेना. घाम कानामागून ओघळून शर्टात जात होता आणि तो पुसायचं सुचत नव्हतं.

मग सहा टोले.

सहाव्या टोल्यानंतर तिचा श्वास एकदा मोठा आला...

मग नुसता पंखा.

कट्... कट्... कट्...

शेवटी पडदा सरकला. कापड स्प्रिंगवरून खरखरत गेलं. आणि सगळं बंद झालं.

दुपारी चार, असं कागद म्हणत होता.

देवीदास त्याच संध्याकाळी रामाकोन्याला गेला. सुखदेव अंगणात बैलाला पाणी पाजत होता. देवीदासला पाहून बादली त्यानं खाली ठेवली.

"जयभीम भाऊ."

"जयभीम." देवीदास उभाच राहिला. मग जे ऐकलं ते सगळं सांगितलं. पंखा, टोले, पाणी. "दुकानात चाल. तू सोता ऐक."

सुखदेवनं मान हलवली.

"मले नाही ऐकाचं."

"अबे, तू खरा होता! मंगला जिती होती. दोन घंटे जिती होती."

"मले मालूम आहे भाऊ. मी दाराबाहेर उभा होतो. आत जाऊ देत नव्हते. तिच्या हाका मी तवाच ऐकल्या." तो देवीदासकडं न पाहता बोलत होता. "सोळा महिने तुमाले हेच सांगून राहिलो मी. तुमी ऐकत नव्हते."

बैल पाणी पीत होता.

बादली रिकामी झाल्यावर देवीदास म्हणाला, "थ्या साहेबाले ऐकवाचं आहे. येतं का संग?"

"सामान उचलाले येतो," सुखदेव म्हणाला. "आत नाही येत."

सोमवारी सकाळी अकराला ते दोघं दवाखान्यात पोचले. सुखदेवनं स्पीकरची पेटी खांद्यावरून फाटकापर्यंत आणली आणि फाटकाशीच उभा राहिला. मागच्या वेळीही त्याला बाहेरच उभं केलं होतं.

साहेब, इथून पुढं तुम्हीच आहात.

तुम्ही व्हरांड्यात टेबल टाकून बसला होता. देवीदास म्हणाला, "साहेब, एक मशीन दाखवायची आहे." तुम्हाला वाटलं दवाखान्यासाठी लाउडस्पीकर. तुम्ही प्लगकडं बोट दाखवलं. कारकून शेजारी उभा होता. त्यानंही पाहिलं.

देवीदासनं कोणाचं नाव घेतलं नव्हतं. मृत्यूचा कागद काढला नव्हता. तो मंगलाचा भाऊ आहे, हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. डब्यात काय आहे, हे तर कोणीच सांगितलं नव्हतं.

वॉल्व्ह लाल झाले.

पंखा वाजायला लागला. कट्... कट्... तुमच्या डोक्यावरचा पंखा तेव्हा बंद होता, बिघडलेला.

एक... दोन... तीन... चार.

तुमचा चेहरा देवीदासनं पाहिला. कारकुनानंही पाहिला. तुम्ही पेन खाली ठेवलं.

काच काचेवर आपटली. चपला गेल्या. आवाज अजून यायचा होता. मंगला अजून बोललीच नव्हती.

आणि तुम्ही हळूच, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणालात...

"अब पानी माँगेगी."

मग ती बोलली.

"बाई... ओ बाई... पानी द्या न वं."

तुम्ही उठलात. कोणी काही सांगायच्या आत डब्यात हात घातलात आणि स्प्रिंगवर तळवा दाबला. आवाज बसला. तुम्ही हात काढला नाही. देवीदासनं प्लग काढला, वॉल्व्ह विझले, तरी तुमचा हात तिथंच होता. कारकून म्हणाला, "सर... सर, हात." तेव्हा कुठं काढला. तळव्यावर स्प्रिंगचे वळ उठले होते.

देवीदासनं नोंद सुधारायचा अर्ज दिला. उत्तर आलं, नोंद बरोबर आहे. कारकुनानं बदली मागून घेतली. आता तो याबद्दल बोलायला तयार नाही.

चौदा एप्रिलला सौंसरला सुखदेवनं गिटार वाजवली. डब्यात बाजारातून आणलेल्या नव्या स्प्रिंगा होत्या. आवाज छान घुमला. लीलाबाई समोर जमिनीवर बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिनं जावयाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. त्यानं तो घेतला, आणि बराच वेळ प्यायलाच नाही.

जुन्या स्प्रिंगा देवीदासनं फेकल्या नाहीत. दुकानात खिळ्याला टांगल्या आहेत. पत्र्याचं दुकान, खिडकी नाही, वारा शिरायला जागा नाही.

तरी त्या हलतात...

अँप्लिफायर जोडल्याशिवाय त्यात काय चाललंय ते ऐकू येत नाही. देवीदास आता जोडत नाही. पण त्या हलायला लागल्या की हातातलं काम टाकून तो तांब्या भरतो आणि खिळ्याखाली नेऊन ठेवतो. का ते त्यालाही सांगता येत नाही. संध्याकाळी पाणी तेवढंच असतं.

स्प्रिंगमध्ये आवाज कसा राहिला, हे आम्हाला कळत नाही. कळेल असंही वाटत नाही. ते राहू द्या.

पण साहेब, तुमच्या कागदाप्रमाणं ती मेलेली आली होती. मेलेली बाई पाणी मागत नाही.

मग ती आता पाणी मागेल, हे तुम्हाला कसं माहीत होतं?

उत्तर द्या.