स्पृहाच्या नावापुढची दोन शून्यं

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू... हे माझ्याच हातून घडलंय. गेल्या वर्षी, परळला. गिरणीच्या जागेवर झालेल्या टॉवरमध्ये आमचं ऑफिस आहे, तिथे. रात्री नाही.

भर दुपारी.

आम्ही मोबाइल गेम बनवतो. पडद्यावरची बटणं, अक्षरं, त्यांचे रंग... सगळं स्पृहाचं काम. रंगाचा कोड आठ अक्षरांचा असतो. शेवटची दोन किती ठळक दिसायचं ते ठरवतात. शून्य-शून्य टाकलं की गायब.

स्पृहा आजारी पडली. हॉस्पिटलच्या खाटेवरूनही काम करत राहिली. श्रेय मात्र विनीतला हवं होतं. तो आमचा टीम लीड.

"उन्मेष, गेमच्या शेवटी श्रेयनामांची यादी येते ना, त्यातलं तिचं नाव डिलीट नको करूस, बोंबलेल ती. दोन शून्यं टाक फक्त."

मी टाकली.

तिला कळलंच. फोन आला. आवाज अगदी शांत...

"पुसायचीही हिंमत नव्हती ना? नुसतं दिसेनासं केलंत. आता तुम्हाला दाखवते, न दिसणं म्हणजे काय."

आठव्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर मी फाइल उघडली. तिच्या ओळीत शून्यं नव्हती.

वीस होतं.

पुन्हा शून्यं केली. जेवून आलो...

चाळीस.

बदल कोणी केला याची फाइलमध्ये नोंद होते, तिथे कोरं.

"कोण मस्ती करतंय?" विनीत ओरडला. त्याने ती ओळच उडवली.

पडद्यावर नाव तरीही होतं. फिकट लाल...

विनीतने डोळे चोळले. "लाइट कोणी कमी केले रे?"

लाइट चालूच होते.

"उन्मेष... तू असा फिका का दिसतोयस?"

चार दिवसांत त्याला सगळंच पांढरं दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत.

मी त्याच्या घरी गेलो, तर भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याची बायको जुई दारातच रडत होती.

"एकच दिसतं रे," तो म्हणाला. "डोळे मिटले तरी. तिचं नाव. रोज जास्त लाल होतंय..."

दुसऱ्याच दिवशी मी स्पृहाचं नाव सगळ्यात वर घेतलं. पूर्ण ठळक. हात जोडले, माफी मागितली. विनीतला काडीचा फरक पडला नाही.

काल आई हिंदमाताच्या कापडबाजारातून साडी घेऊन आली. उलगडून म्हणाली, "रंग फार भडक नाही ना रे वाटत?"

मला ती पांढरीशुभ्र दिसत होती...

"छान आहे," मी म्हणालो.

आईला अजून सांगितलेलं नाही.