उतरवण्याची तारीख

“दोन रकाने भरल्याशिवाय फ्लॅग लावू द्यायचा नाही, पोरी. लावणाऱ्याचं नाव आणि उतरवण्याची तारीख. तारीख उलटली की लावणारा खुद्द मालक का असेना, उतरवायचा. काय सांगितलं?”

“उतरवायचा, बाई.”

“शब्द?”

“दिला शब्द.”

चाचणी विभागाच्या बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशीचं हे बोलणं. त्यांची खुर्ची तिला मिळाली, खुर्चीमागे ठिबकणारा एसी मिळाला आणि हळूहळू ‘चाळणी’ हे नावही मिळालं. डॉक्टरांकडची वेळ ठरवून देणारं ॲप होतं त्यांच्या कंपनीचं. त्यातला एक स्वल्पविराम हलला तरी चाळणीत अडकायचा.

तोही असाच अडकला.

ॲपमधलं नवं कॅलेंडर तपासायला आलं होतं आणि तिला ते दिसेचना. तक्रार लिहिली, उत्तर नाही. शेवटी ती तिसऱ्या मजल्यावर चढून गेली. बाहेर पावसाची भुरभुर होती. नव्या प्रोग्रामरच्या शर्टाची एक बाही चिंब, दुसरी कोरडी ठणठणीत. छत्री कुणाबरोबर तरी वाटून आला असावा.

“कॅलेंडर दिसत नाही.”

“दिसणारच नाही. बांधलंय, पण बंद ठेवलंय.” तो हसला. “फ्लॅग म्हणजे खोलीतला दिवा समजा. खोली तयार आहे, बटण माझ्याकडे. ज्याचं नाव यादीत, त्याच्यापुरता उजेड.”

“मग घाला माझं नाव.”

“कुठलं? चाळणी?”

“रुग्ण सतरा.” चाचणीसाठी प्रत्येकाला एकेक खोटा रुग्ण दिलेला असे, तिचा सतरा नंबरचा. “आणि तुमच्या तोंडाला बटण नाही का बसवलं?”

“आहे की. पण ते बंद करायची परवानगी अजून कुणाला दिली नाही.” त्याची बोटं चालली, थांबली. “घातलं नाव. आता काढणं अवघड जाईल हं…”

जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की आपण कठड्याला न धरता उतरतोय.

आठवड्याने ती रुग्ण सतरा बनून वेळ ठरवत होती, तर कॅलेंडरच्या तळाशी एक बारीक ओळ उजळली : ‘सतरा, आज डोळे दमलेले दिसतात. काळजि घे.’

अहोजाहो गेली होती. तिने चार वेळा वाचलं. मग स्वभावाला जागून तक्रार लिहिली : ‘काळजी. ई दीर्घ हवी.’

उत्तर पाच मिनिटांत. ‘दुरुस्त. आता तरी घेशील?’

मग आठवड्याला एक-दोन ओळी. ‘सतरा, निळा रंग तुला शोभतो.’ ‘सतरा, आज जिन्यात थांबलीस का? मला वाटलं, माझ्यासाठी.’ ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत स्वारीचा आनंदच होता. ती प्रत्येक ओळ सुधारून परत पाठवी, तो सुधारून घेई. घरी आई म्हणायची, “काय गं, हल्ली कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजत नाहीस. कुठे असतं लक्ष?”

त्या ओळींसाठी त्याने वेगळा फ्लॅग केला होता आणि कॅलेंडरच्या फ्लॅगांच्या गठ्ठ्यातच हळूच सरकवला होता. तिने तो पाहिला. लावणाऱ्याचं नाव भरलेलं. तारीख कोरी.

“तारीख?” तिने चहाच्या यंत्रापाशी विचारलं.

“एवढी एक कोरी राहू दे ना…”

“नियम आहे. बाईंना शब्द दिलाय मी.”

“काही गोष्टी उतरवायला लावलेल्या नसतात, चाळणी.” त्याने कप तिच्या हातात दिला. बोटं किंचित रेंगाळली. “आणि कधी उतरवायचीच वेळ आली, तर तूच उतरव. दुसऱ्याचा हात लागू देऊ नकोस. देशील शब्द?”

“दिसतं कुणाला हे?”

“सतराला. आणखी कुणाला दिसणार?”

“दिला शब्द,” ती म्हणाली. कोऱ्या रकान्याकडे तिने काणाडोळा केला. चाळणीतून पहिल्यांदाच काहीतरी खाली पडू दिलं तिने, जाणूनबुजून.

त्याच महिन्यात मावशीने स्थळ आणलं. शिक्षक होता, शांत, डोळ्याला डोळा देऊन बोलणारा. आईने तीनदा विचारलं, “नाही का म्हणतेस? कुणी आहे का? असेल तर सांग, मी काही वाघ नाही.” तिने नुसती मान हलवली. सांगणार काय? कॅलेंडरच्या तळाशी एक ओळ येते म्हणून? नकार कळवला गेला. सहा महिन्यांनी त्या शिक्षकाचं लग्न झालं. पत्रिका घरी आली, तेव्हा तिला वाईटसुद्धा वाटलं नाही. तिच्याकडे एकेचाळीस ओळी होत्या.

सोमवारी कॅलेंडर सगळ्यांसाठी उघडणार होतं. शुक्रवारी दुपारी, नेमाप्रमाणे, ती गठ्ठ्यातला एकेक फ्लॅग उघडून यादी तपासत बसली. त्या ओळींच्या फ्लॅगची यादी तिने आजवर उघडली नव्हती. एका नावाची यादी काय उघडायची?

नावं दोन होती. रुग्ण सतरा. रुग्ण एकवीस.

एकवीस म्हणजे वरच्या मजल्यावरची चित्रकार. ॲपच्या पडद्यांचे रंग, बटणांचे आकार ती ठरवायची. फ्लॅगमध्ये केलेला प्रत्येक बदल तारखेनिशी नोंदलेला असतो, तो तिने वाचत नेला. एकवीसचं नाव घालून चार महिने झाले होते. पहिली ओळ : ‘एकवीस, आज डोळे दमलेले दिसतात. काळजी घे.’

ई दीर्घ होती.

निळा रंग होता. जिनाही होता. एकूण एक ओळ तीच, त्याच क्रमाने, आणि एकाही ओळीत चूक नाही. चुका सगळ्या सतराच्या वाट्याला आल्या होत्या. एकवीसला शुद्ध प्रत पोचली होती. एसीचं पाणी टपटपत राहिलं.

तो चहाच्या यंत्रापाशी भेटला. पाठीला बॅग, निघायच्या घाईत.

“यादी बघितली मी.”

“अगं… मी सांगणारच होतो.” तो खाली बघू लागला. “तिच्याशी बोलायचं धाडसच होत नव्हतं. तुझ्याशी कसं, सोपं जायचं. चुकलं तर तू सांगायचीस. तुझ्यामुळेच जमलं, खरंच. रविवारी साखरपुडा आहे.”

“म्हणजे चाचणी पास झाली.”

“असं नको ना बोलूस. तू रागावलीस?”

“एवढंच सांग. माझ्यासाठी म्हणून लिहिलेली एक तरी ओळ होती?”

तो बॅगेचा पट्टा उगाच सैल करत, आवळत राहिला. खोटं बोलायचं असतं तर एवढा वेळ लागला नसता.

“पहिली,” तो म्हणाला. “पहिली होती बहुतेक…”

“ती तर चुकीची होती,” ती म्हणाली.

लिफ्टचं दार उघडलं. आत पाय टाकता टाकता तो वळला. “तो फ्लॅग तेवढा उतरवशील ना? मी आता दोन आठवडे नाही. आणि तू शब्द दिला होतास, चाळणी.”

हो, दिला होता. आणि मोडायला काही करावंही लागणार नव्हतं, नुसतं हातावर हात ठेवून बसायचं. सोमवारी गठ्ठा सगळ्यांसाठी उघडला असता आणि गावभरच्या तापाने फणफणलेल्या माणसांना, वेळ ठरवताना, ‘आज जिन्यात थांबलीस का?’ दिसलं असतं. फ्लॅगवर लावणाऱ्याचं नाव होतंच. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची पुरती शोभा झाली असती. रात्रभर ती कल्पना तिने उशीखाली ठेवली. गोड लागली, खोटं कशाला बोला.

शनिवारी सकाळी ती अंघोळ करून देवापाशी दोन मिनिटं उभी राहिली. मागायला गेली होती, मागणंच सुचेना. मग चष्मा पुसला आणि चपला पायात सरकवल्या.

“सुट्टीच्या दिवशी कुठे गं?” आई ओल्या हाताने दारात आली.

“ऑफिसात. बाईंना शब्द दिला होता, एक काम राहिलंय.”

“कुणी दुसरं नाही का करायला?”

“दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, असं ठरलंय.”

आई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिने ओले हात पदराला पुसले. “फार वेळ लागेल का?”

“एकेचाळीस ओळी काढायच्या आहेत. आणि एक तारीख घालायची.” तिने छत्री उचलली. “आजचीच.”

आणि कठड्याला घट्ट धरून ती जिना उतरू लागली.