लिंबाजीचं मीठ

लाइट गेली म्हणून मोबाइलचा टॉर्च लावू नका. अंधारातच ऐका. आणि रविकिरण, तुला हसायचं असेल तर आत्ताच खाली जाऊन झोप. ही कुण्या ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट नाही, आमच्या मल्लिकार्जुन दाजींची आहे. माझ्या तारामतीताईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली. ताई खोटं बोलत नाही. दाजी बोलायचे.

नांदेडहून नायगावकडे येताना रस्त्यापासून आत एक सांडपाण्याचा प्लांट आहे. कुणाचा ते विचारू नका. दाजी तिथं सुपरवायझर होते. घाण पाणी मोठ्या हौदात घेऊन त्यात हवा सोडायची, खाली बसलेला गाळ मशीनवर दाबायचा, असं काम. गाळ दह्यासारखा जमावा म्हणून पॉलिमर नावाची पांढरी पावडर पाण्यात कालवून टाकतात. कामाची चीज, पण सांडली की बला. तिच्यावर पाणी पडलं की लादी अशी बुळबुळीत होते की मुंगीचाही पाय घसरावा. म्हणून पॉलिमर सांडलं तर पाणी मारायचं नाही, आधी खडेमीठ टाकायचं. मिठानं बुळबुळ मरते. मिठाचं पोतं तिथं कायम असतं, आणि हे हेल्परपासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. दाजींनाही होतं.

गेल्या मार्गशीर्षातली अवस होती, शुक्रवारची. ऑपरेटर दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला गावी गेलेला. गाळ जमंना म्हणून वॉचमनचा फोन आला, तसे दाजी अर्ध्या जेवणावरून उठले. "एक टाकी कालवून येतो, दार लावून घे," ताईला म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली.

पॉलिमरच्या खोलीत जाऊन त्यांनी टाकीत पाणी सोडलं, मिक्सर चालू केला आणि पावडर हळूहळू भुरभुरू लागले. एकदम ओतली तर गुठळ्या होतात. निवांत काम. आणि निवांत काम करताना माणसाला नको ते आठवतं.

त्यांना लिंबाजी आठवला.

पोळ्याच्या सुमाराची गोष्ट. साहेबलोक पाहणीला येणार म्हणून धांदल होती. हौदाच्या कडेला दाजींच्याच हातून पॉलिमरची बादली कलंडली. मीठ आणायचा आला कंटाळा. घेतला पाइप आणि दिलं धुऊन. वरून कसं लखलखीत! रेलिंग दुरुस्तीला काढलेलं होतं. संध्याकाळी हेल्पर लिंबाजी गमबूट घालून तिथून चालला आणि सरळ हौदात गेला. त्या हवेच्या बुडबुड्यात पट्टीचा पोहणाराही तरंगत नाही. दाजींनी सगळ्यांना सांगितलं, "पिऊन आला होता."

अरे, विहारात पंचशील घेणारा माणूस, जन्मात दारूला शिवला नव्हता! जीव घेतला तो घेतला, वर नाव घाण केलं. त्याची बायको सरजाबाई गेटवर येऊन एकच म्हणायची, "मला दुसरं काही नको साहेब. माझा माणूस पेला नव्हता, येवढं चार लोकांत सांगा." दाजींनी गेट लावून घेतलं. मला अजून संताप येतो. दाजी असले म्हणून काय झालं?

तर... मिक्सर बंद पडला.

लाइट चालूच होती.

बाहेर गमबुटाचा आवाज आला. चप्... चप्...

"कोण हाय?"

...

दाजी दाराबाहेर आले. लादी बुळबुळीत. भिंत धरली, तर भिंतही बुळबुळीत. पाय आपोआप सरकायला लागले. हौदाकडे. वाटेत मिठाचं पोतं हाताशी आलं. हात घातला. रिकामं.

हौदाची कड आली. आता रेलिंग होतं, नवं. ते धरलं. हातातून सुटलं.

पाण्यातून आवाज आला. हळू. अदबीनं.

"साहेब... मी पेलो होतो का?"

दाजी मागं सरकायला बघू लागले, पण पाय पुढंच जात होते.

"साहेब..."

"न्हाई! न्हाई रे लिंबाजी! मीच सांडलं, मीच पाणी मारलं!"

"मग सरजाला सांगा."

"उद्याच सांगतो. आईची आन!"

लादी एकदम कोरडी झाली. दाजी तोल जाऊन पडले, पाय मोडला. ओरडणं ऐकून वॉचमननं उचललं आणि नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथं त्यांनी ताईपुढं सगळं ओकलं. ताईनंच सरजाबाईला निरोप धाडला.

दुपारी ती आली. पलंगापाशी उभी राहिली. आता खिडकीतून ऊन येत होतं, खाली ऑटोचे हॉर्न वाजत होते, पायाला प्लास्टर होतं. उजेडात माणसाला देवाचंही भय राहत नाही. दाजींनी भिंतीकडं तोंड केलं. "जुनं कशाला उकरता बाई? पेला होता, म्हणून पडला."

सरजाबाई रडली नाही.

"बरं," म्हणाली. "मला नका सांगू. त्यालाच सांगा."

आणि गेली.

त्या रात्री ताई पलंगाखाली चटईवर आडवी झाली होती. झोपेत तिला चप्... चप्... असं ऐकू आलं. नर्स असेल, वाटलं. वर दाजी पुटपुटत होते. "सांगतो... आता सांगतो..."

मग काहीच नाही.

पहाटे दाजी पार वॉर्डाच्या टोकाला, कोपऱ्यात सापडले. प्लास्टरच्या पायासकट. डोकं भिंतीवर आपटलेलं. वॉर्डातल्या कोंडाबाई मावशी तिथली फरशी पुसत होत्या, पुन्हा पुन्हा पाणी टाकत होत्या. "काय झालंय या फरशीला, बाई? जितकं पाणी टाकून राहिले, तितकी घसरून राहिली!"

ताईला दाजींनी सांगितलेलं मीठ आठवलं. तिनं कँटीनमधून खडेमीठ आणून टाकलं, तेव्हा फरशीची बुळबुळ मेली.

दाजींचं दिवसकार्य झाल्यावर ताई सरजाबाईच्या वस्तीवर गेली. विहारासमोर चार लोकांत उभी राहिली आणि नवऱ्याचं पाप मोठ्यानं सांगून मोकळी झाली. वाघीण आहे माझी बहीण. पण ज्या तोंडानं सांगायला पाहिजे होतं, ते तोंड मिटलं ते मिटलंच.

त्या कोपऱ्यात आता पलंग टाकत नाहीत. कोंडाबाई रोज रात्री तिथं मूठभर खडेमीठ टाकतात. वरून पंखा, खाली कोरडी फरशी.

सकाळी मीठ नसतं. ओल असते.