तीन उभ्या रेघा

तिच्या उड्डाणांच्या वहीत तीन उतरणं लिहिलेली होती. तिने ती केलीच नव्हती.

वैमानिक बाई खुर्चीत बसली नाही. उड्डाणशाळेच्या कचेरीत उभ्या उभ्याच तिने ओळ पुन्हा वाचली. मंगळवार. विमान 'चिमणी'. वेळ ०२:०० ते ०२:४०. उतरणांच्या रकान्यात तीन उभ्या रेघा. अक्षर हुबेहूब तिचं, डावीकडे कललेलं.

डावं मनगट मोडल्यापासून तीन वर्षं ती जमिनीवर होती. डॉक्टरांचा दाखला मिळाला, लेखी परीक्षाही झाली. उरली होती एकच अट: नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणं. ती आज दुपारी करायची होती. चारला परीक्षक वही बघायला येणार होते आणि आजच परवान्याची मुदत संपत होती.

"बरंच झालं की, ताई," नवी कारकून बाई म्हणाली. "आयतं लिहिलंय, तर कशाला उकरायचं?"

"खोटी नोंद सापडली तर परवाना कायमचा जातो. आणि अक्षर माझं आहे. खोडली तरी चोर मीच."

वही सोमवारपासून कचेरीच्या कपाटात होती. किल्ल्या तिघांकडे: कारकून बाई, मिस्त्री आणि मामा. मामा तिचा सख्खा मामा आणि शाळेचा मुख्य शिक्षक. त्यानेच तिला उडायला शिकवलं होतं.

"तुम्ही कपाट उघडलं होतंत?"

"रोज उघडते. पण ताई, एक विचारू? ही माणसं रात्री दोनला का उडतात? मैदानावर तर एक दिवा नाही."

एवढ्यातही वैमानिक बाईला हसू आलं. "वहीत सगळ्या जगाची एकच वेळ लिहितात. इथे सकाळचे साडेसात, तेव्हा वहीत दोन."

"अगं बाई. मी घरी सांगितलं, आमच्याकडे घुबडं आहेत म्हणून."

मिस्त्री चिमणीच्या पोटाखाली उताणा पडला होता.

"मंगळवारी चिमणी कुठे होती?"

"कुठे जाणार लंगडी? उजवं चाक काढून दिवसभर मांडीवर घेऊन बसलो होतो. ब्रेक धरत नव्हता."

"कोणाकोणाला माहीत होतं?"

"जो मैदानावर होता त्याला. विमानाच्या वहीत लिहिलंयसुद्धा. वाचतंय कोण?"

परीक्षक वाचतील. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की पाच मिनिटांत तिचा निकाल लागला असता.

मामा धावपट्टीच्या कडेला फळ्याशी उभा होता. गाल सुजलेला.

"मामा, मंगळवारी कुठे होतास?"

"दाढ काढायला. पहाटे गेलो तो रात्री आलो. का गं?"

समोर एका शिकाऊ उमेदवाराचं विमान टेकलं. मामाने फळ्याकडे न बघताच खडूने त्याच्या नावापुढे एक उभी रेघ ओढली. बाई त्या रेघेकडे बघत राहिली.

साडेतीनला तिने तिघांना कचेरीत बोलावलं.

"हे लिहिणाऱ्याला जगाची वेळ ठाऊक होती. कारकून बाईंना आज सकाळपर्यंत नव्हती. त्या सुटल्या. मिस्त्रींनी चिमणीचं चाक स्वतः काढलं होतं. त्या दिवशी ती उडाली असं ते स्वप्नातही लिहिणार नाहीत. म्हणजे वेळ जाणणारा, पण मंगळवारी मैदानावर नसलेला."

तिने वही तिघांसमोर उघडी ठेवली.

"माझ्या वहीत चौदाशे उतरणं आहेत. सगळी आकड्यांत. रेघा एकच माणूस ओढतो. अक्षर माझं उचललंस, मामा, पण हाताची सवय तुझीच राहिली."

मामा बाकावर बसला. "गेल्या आठवड्यात सरावाला सोबत उडालो तेव्हा हँडल मी धरलं नसतं तर आपटली असतीस. मनगट थरथरत होतं. म्हटलं, कागद पुरा होऊ दे, मग सावकाश जमेल."

"आणि मागे बसलेल्या प्रवाशांना काय सांगायचं? मामाने लाडाने पास केलं?"

"माझं चुकलं. पण तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी नाही. तुझ्या भीतीसाठी. हात मोडला माझा, हातातलं कसब नाही. पडले तर माझ्या बळावर पडेन. उसनं उतरणं मला नको."

तिने लाल रेघ मारून नोंद खोडली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. "खाली लिही. ही नोंद मी केली. सही."

"माझी शिकवण्याची परवानगी जाईल गं."

"जाईल. लिही."

त्याने लिहिलं. या वेळी स्वतःच्या अक्षरात.

चारला आलेल्या परीक्षकांनी पान वाचलं, मामाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "अंधाराला दीड तास आहे. शेजारी मी बसतो. हँडलला हात लावणार नाही."

पहिल्यांदा चिमणी टेकली, उसळली, परत टेकली. मिस्त्रीने डोळे मिटले. दुसऱ्यांदा धूळ थोडी कमी उडाली. तिसऱ्यांदा चाकं जमिनीला लागली ते फक्त सावलीवरून कळलं.

बाई चालत फळ्यापाशी आली. मामाने तिचं नाव लिहून ठेवलं होतं. पुढची जागा मोकळी होती आणि खडू त्याच्या बोटांत ओला झाला होता.

तिने तो काढून घेतला. डाव्या मनगटाला उजव्या हाताचा आधार न देता, डाव्याच हाताने, फळाभर मोठा आकडा काढला: ३.